एका सांध्याची दोन कामे

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले की हडपसरला वाट दुभंगते. आषाढात तुकोबांची पालखी सरळ लोणी काळभोरकडे जाते, तर माउलींची पालखी उजवीकडे वळून दिवे घाट चढते. जिथे वाटा फुटतात आणि पुढे घाट असतो तिथे गॅरेजे उभी राहतात. हडपसरही त्याला अपवाद नाही. घाटात दमलेले ट्रक, उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, भाजीचे टेम्पो यांची दुरुस्ती इथे वर्षानुवर्षे चालत आली आहे. या गॅरेजांतून एक वाक्य वारंवार कानावर पडते : ‘क्रॉस गेला.’

हा क्रॉस म्हणजे मोटारीच्या पोटाखालचा एक सांधा. मूठभर पोलाद. पण या सांध्याने मोटारींच्या इतिहासात बरीच उलथापालथ केली आहे. जुन्या, छोट्या स्पोर्ट्स मोटारींत तो तुटला म्हणजे काय होत असे, आणि त्याच्यापायी भारतात एका मोटारीचा मागचा भागच बदलून टाकायची वेळ कशी आली, ती हकीकत आज सांगायची आहे.

आधी सांधा समजून घेऊ. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी तो रोज पाहिलेला असतो. ट्रॅक्टरच्या मागून निघून रोटाव्हेटरला किंवा मळणी यंत्राला फिरवणारा जो दांडा असतो, त्याच्या दोन्ही टोकांना हा सांधा असतो. दांडा सरळ रेषेत नसला, वर-खाली हलत असला तरी फिरत राहतो, ही या सांध्याची किमया. रचना साधी आहे. दोन दांड्यांच्या टोकांना दोन लोखंडी बेचकी, एक उभे तर दुसरे आडवे. त्या दोघांना जोडणारा, बेरजेच्या चिन्हासारखा क्रॉस. क्रॉसच्या चार टोकांवर चार टोप्या आणि टोप्यांच्या आत सुयांसारख्या बारीक पोलादी कांड्या. त्या कांड्यांना ग्रीस मिळत राहिले तर सांधा वर्षानुवर्षे कुरकुरत नाही. ग्रीस संपले की आधी चिमणीसारखा चिवचिवतो, मग क्लच सोडताना ‘टण्’ असा आवाज देतो. हा दुसरा आवाज ऐकूनही जो गाडी तशीच हाकतो, त्याला तिसरा आवाज रस्त्यातच ऐकू येतो.

इंग्रजीत या सांध्याला हूकचे नाव आहे. रॉबर्ट हूक म्हणजे शाळेत स्प्रिंगचा नियम शिकताना भेटतो तोच. सूर्याकडे डोळ्यांना इजा न होता पाहता यावे यासाठीच्या दुर्बिणींवर त्याने १६७६ साली एक पुस्तिका छापली, तिच्यात या सांध्याचे वर्णन आहे. म्हणजे रायगडावर शिवराज्याभिषेक होऊन दोन वर्षे झाली होती, त्या सुमाराची ही गोष्ट. युरोपातल्या इतर भाषांत मात्र याच सांध्याला इटलीच्या कार्डानोचे नाव आहे. हूकच्या शंभर-सव्वाशे वर्षे आधी कार्डानोने एकात एक अडकवलेल्या कड्यांच्या टांगणीविषयी लिहिले होते. जहाज कितीही डोलले तरी होकायंत्र सपाट राहते ते अशाच टांगणीमुळे. मला विचाराल तर श्रेय हूकचे. टांगणे वेगळे आणि फिरवणे वेगळे.

फिरवण्यातली एक खोड त्यालाही ठाऊक होती. सांधा वाकलेला असताना एका बाजूचा दांडा एकसारख्या गतीने फिरवला, तरी दुसरा दांडा तसा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. सांधा तीस अंशांत वाकला असेल आणि आपण दांडा मिनिटाला १०० फेऱ्यांनी फिरवत असू, तर पलीकडचा दांडा ८७ ते ११५ यांच्यामध्ये हेलकावे खातो. दहा अंशांत हाच फरक जेमतेम दीड टक्का इतका उरतो. यावर उपाय म्हणजे दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा बसवायचा आणि दोन्हींचे कोन सारखे ठेवायचे. एकाने केलेली चूक दुसरा भरून काढतो. ट्रकच्या पोटाखाली जो लांब दांडा फिरताना दिसतो, त्याला दोन टोकांना दोन क्रॉस असतात ते याचसाठी.

मोटारी आल्या तेव्हा त्यांतल्या पुष्कळ सायकलसारख्या साखळीवर चालत. चिखल, धूळ, तेल आणि कटकट. क्लॅरेन्स स्पायसर नावाच्या अमेरिकन तरुणाने हूकचा सांधा बंदिस्त करून मोटारीला जोगा केला. १९०३ साली त्याला पेटंट मिळाले आणि पुढच्या वर्षी त्याने उत्पादन सुरू केले. साखळी गेली, शाफ्ट आला. पुढची पन्नास वर्षे बहुतेक गाड्यांची मांडणी ठरूनच गेली : पुढे इंजिन, मध्ये शाफ्ट, मागे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध, जाड, नळीसारखा अ‍ॅक्सल. या अ‍ॅक्सलमध्ये चाके धरून ठेवण्याचे काम नळी करते आणि सांधे फक्त फिरवण्याचे काम करतात. ही वाटणी लक्षात ठेवावी, पुढच्या सगळ्या भानगडी ती मोडल्यामुळे झाल्या.

एकसंध अ‍ॅक्सलचा तोटा असा की एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही तिरके होते. वेगवान गाडीला हे मानवत नाही. म्हणून प्रत्येक चाक आपापले वर-खाली होईल अशी रचना करायची धडपड चालू होती. १९५९ साली ब्रिटनमध्ये चार महिन्यांच्या अंतराने दोन छोट्या गाड्या आल्या आणि दोघींनी दोन वेगळी उत्तरे दिली. एप्रिलमध्ये आली ट्रायम्फ हेराल्ड, ऑगस्टमध्ये आली मिनी.

मिनीचे इंजिन पुढे आणि इंजिनाची ताकदही पुढच्याच चाकांना. पुढची चाके वळवावी लागतात, म्हणजे सांधा चांगला तीस अंशांपर्यंत वाकणार. तिथे हूकचा सांधा स्टिअरिंगला हिसके देणार. त्यामुळे मिनीने चाकांपाशी आल्फ्रेड झेपाच्या नमुन्याचा सांधा घेतला. झेपाची ही युक्ती १९२० च्या दशकातली. यात क्रॉस नाही. वाटीत बसवलेल्या सहा पोलादी गोळ्यांमधून ताकद जाते आणि सांधा कितीही वाकला तरी गती एकसारखी राहते. आज आपल्या गॅरेजात ज्याला ‘सीव्ही जॉइंट’ म्हणतात तो हाच. महाग, अचूक घडाई मागणारा.

हेराल्डचा मार्ग गरजेतून आला. कंपनीला अंगचे कवच तयार करून देणारा मोठा कारखाना प्रतिस्पर्ध्याने १९५३ सालीच विकत घेतला होता. मग जुन्या पद्धतीने वेगळा सांगाडा करायचा आणि त्यावर तुकड्या-तुकड्यांनी बॉडी बसवायची असे ठरले. इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीने तिला देखणे रूप दिले. गाडी २५ फुटांच्या वर्तुळात वळायची, रिक्षावाल्यालाही हेवा वाटावा अशी. मागे एकसंध अ‍ॅक्सल न देता डिफरन्शियल सांगाड्याला घट्ट बसवले, त्यावर एकच आडवा पाटा टाकला आणि दोन्ही बाजूंना दोन अर्धे शाफ्ट काढले. प्रत्येक अर्ध्या शाफ्टला एकच हूकचा सांधा, तोही डिफरन्शियलजवळ. शाफ्टच्या बाहेरच्या टोकाला थेट चाक.

स्वस्त आणि हुशार. पण इथे सांध्याच्या गळ्यात दुसरे काम पडले. चाकाला आडव्या दिशेने जागेवर धरून ठेवणारे आता दुसरे काहीच नव्हते. चाक धरले होते अर्ध्या शाफ्टने आणि शाफ्ट धरला होता क्रॉसने. फिरवायचे त्यानेच आणि धरायचेही त्यानेच. वळणावर गाडीचे वजन बाहेर फेकले जाते, तो धक्काही त्या चार टोप्यांवरच.

याच सांगाड्याचा आखूड अवतार १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर या नावाने आला. दोन आसने, उघडे छप्पर, चेहरा पुन्हा मिकेलोत्तीचा. साध्या पगारदाराला परवडेल अशी स्पोर्ट्स कार म्हणून ती खूप खपली. मागची रचना हेराल्डचीच. जोरात वळताना चालकाने घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडीची पाठ वर उचलली जायची आणि मागचे चाक खालून आत दुमडायचे. अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेर या गाडीची अशाच मागच्या चाकांवरून मोठी बदनामी झाली. राल्फ नेडर यांचे मोटारींच्या सुरक्षिततेवरचे गाजलेले पुस्तक १९६५ साली निघाले, त्याचे पहिले प्रकरण तिच्यावरच आहे.

ट्रायम्फने नंतर बरेच उपाय केले. स्पिटफायरची सहा सिलिंडरची बहीण जीटी-६ हिला १९६८ साली शाफ्टमध्ये रबराचे जाड कडे बसवले आणि चाक धरायला वेगळा दांडा दिला. म्हणजे कामांची वाटणी पुन्हा केली. लोटस इलान या नावाजलेल्या गाडीत असे रबर १९६२ पासूनच होते. रबराने हिसके गेले, पण रबर उष्णतेने आणि वयाने चिरते. क्रॉस निदान चिवचिवून सांगतो, रबर वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. जीटी-६ च्या शेवटच्या गाड्यांतून ते रबर काढून टाकले गेले आणि पाट्याची बसकण बदलून काम भागवले गेले. जॅग्वार ई-टाइपमध्येही शाफ्टवर चाक धरण्याचे अर्धे काम होते, पण तिथे दोन सांधे आणि खाली भक्कम दांडा होता, शिवाय किंमतही तशीच होती.

आता मद्रासला जाऊ. स्वातंत्र्यानंतर तयार परदेशी मोटारींची आयात सरकारने रोखली. नुसती जुळणी करणाऱ्यांनाही पुढे दार बंद झाले, म्हणून जनरल मोटर्स आणि फोर्ड १९५० च्या दशकात मुंबईतून बाहेर पडल्या. मग राहिल्या तीन गाड्या : कलकत्त्याची अँबॅसडर, मुंबईत कुर्ल्याला होणारी फियाट आणि मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सची. या स्टँडर्डनेच १९६१ पासून हेराल्ड काढली, ९४८ सीसी इंजिनाची. स्पोर्ट्स कार भारतात कुणी करत नव्हते, त्यामुळे हौशी तरुणांची स्पोर्ट्स कार हेराल्डच. तिचे छप्पर बोल्टांनी बसवलेले होते, ते सोडवले की गाडी उघडी. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, तिथे सजवलेल्या-तासलेल्या हेराल्ड धावत.

पण शर्यतीचा रविवार वर्षातून एक-दोनदा. बाकीचे दिवस हेराल्ड आपल्या रस्त्यांवर संसार ओढत होती. आपल्याकडे चार जणांच्या गाडीत सहा जण बसतात, टपावर वळकटी आणि डिकीत लोणच्याची बरणी. वजन पडले की आडवा पाटा दबायचा आणि मागची चाके वरून आत, खालून बाहेर फाकायची. भरलेली हेराल्ड मागून पाहिली की गाडी फेंगडी चालते आहे असे वाटे. चाक फेंगडे म्हणजे क्रॉस कायम वाकलेला. त्यात खड्डे, पाण्यातून जाणे, ग्रीसची टाळाटाळ. ब्रिटनच्या डांबरी रस्त्यावर जो सांधा निभावून नेई, त्याला इथे दुप्पट कष्ट पडत.

दुसरी अडचण दुरुस्तीची, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. क्रॉस बदलणे आपल्या मिस्त्रींना नवे नव्हते. ट्रकचा क्रॉस ते व्हाइस आणि हातोडीवर झाडाखाली बसून बदलत. पण हेराल्डच्या चाकाच्या बाजूचा हब निमुळत्या शाफ्टवर इतका घट्ट बसलेला असे की तो काढायला खास पुलर लागे. तो नसला की घणाचे घाव, आणि घाव चुकला की शाफ्टची वाट. शिवाय काम सुरू करण्याआधी पाट्याचा ताण उतरवावा लागे. ज्या गावात अँबॅसडरचा अ‍ॅक्सल कुणीही खोलू शकत होता, तिथे हेराल्डवाल्याला मोठ्या शहराकडे पाहावे लागे.

मद्रासच्या कारखान्याने याचा विचार केला. आधी त्यांनी हेराल्डला खास भारतासाठी चार दारे दिली, अशी हेराल्ड ब्रिटनमध्ये कधीच झाली नाही. मग १९७० च्या दशकाच्या आरंभी तिच्या जागी ‘गॅझेल’ आणली. हाडापेराने हेराल्डच, पण मागचे ते स्वतंत्र चाकांचे प्रकरण काढून टाकले होते. त्याऐवजी जुना, एकसंध अ‍ॅक्सल बसवला आणि गाडी जमिनीपासून थोडी उंच केली. क्रॉसकडे पुन्हा एकच काम आले. १९७७ पर्यंत गॅझेल निघत राहिली.

मोटारशौकीन मंडळी या बदलावर नाके मुरडतात. जग पुढे जात असताना आपण मागे गेलो, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. गाडी कोणत्या रस्त्यावर चालणार आणि ती कोण दुरुस्त करणार, हे पाहून घेतलेला तो निर्णय होता. त्या काळी आपल्याकडे मोटारींचे फारसे मूळ संशोधन होत नव्हते हे खरे, पण एखादी परदेशी युक्ती इथे चालणार नाही हे ओळखून ती काढून टाकायलाही अभियंता लागतो. त्याचे नाव कुठे येत नाही, एवढेच.

त्या युक्तीत धोका नेमका कुठे होता, हे मी पुस्तकात वाचले होते, पण समजले दिवे घाटात. एका स्नेह्यांकडे पन्नाशी उलटलेली एक दोन आसनी गाडी आहे. गाडीचे नाव सांगत नाही. मागची रचना अशीच, अर्धा शाफ्ट आणि एक क्रॉस. सासवडहून परतताना घाट उतरत होतो. पुढे दुधाचा टेम्पो, त्यामुळे वेग ताशी वीस-पंचवीसच. डाव्या वळणावर मागून काहीतरी फुटल्याचा आवाज झाला आणि गाडीची एक बाजू खाली बसली. उतरून पाहिले तर मागचे चाक मडगार्डला टेकून तिरपे झालेले. दरीचा कठडा दहा-बारा फुटांवर.

गाडी ट्रकवर टाकून हडपसरला आणली. मिस्त्रींनी सांधा सोडवून फडक्यावर ठेवला. क्रॉसचा एक हात मुळापासून तुटला होता. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग काळपट होता आणि निम्मा चांदीसारखा चकचकीत. काळा भाग म्हणजे जुनी चीर, कित्येक महिन्यांची. चकचकीत भाग म्हणजे त्या दिवशीची. टोपीतल्या सुया शिल्लकच नव्हत्या, त्यांची विटकरी भुकटी झाली होती. दोष गाडीचा नव्हता. आधी कुणीतरी त्यात ग्रीस भरायचे निपल नसलेला, बाजारातला हलका क्रॉस बसवला होता. मिस्त्री शांतपणे म्हणाले, “साहेब, ट्रकचा क्रॉस तुटला असता ना, तर शाफ्ट खाली पडला असता. आवाज झाला असता, गाडी थांबली असती. चाक कुठं जात नाही. हितं चाकच त्याच्यावर टांगलंय.” मी अनेक पाने खर्चून जे सांगितले असते ते त्यांनी चार वाक्यांत संपवले.

हेच मिस्त्री आता बहुतेक दिवस सीव्ही जॉइंट बदलतात. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मिनीचे १९५९ मधले उत्तर चोवीस वर्षांनी आपल्या गल्लीत पोचले. रबरी बूट फाटला, आत धूळ गेली की पूर्ण वळणावर ‘टकटक टकटक’ ऐकू येते, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन स्टॉर्म ही दोन आसनी, उघडी गाडी तयार झाली. तिचे इंजिन रेनोचे आणि ताकद पुढच्या चाकांना. स्वदेशात स्पोर्ट्स कार झाली तेव्हा तिच्यात मागच्या क्रॉसचा प्रश्नच उरला नव्हता.

जुन्या गाड्या जपणाऱ्यांपुढे मात्र तो आहे. इलानचे मालक रबर काढून सीव्ही जॉइंटचे शाफ्ट बसवून घेतात, स्पिटफायरवालेही बसवतात. गाडी सुरक्षित होते, पण ती मूळची राहते का? केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, पाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरे, आणि रोजच्या वापराला मनाई. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नको. या तीन शब्दांत सांध्याचा उल्लेख नाही.

माझे मत विचारले तेव्हा मी स्नेह्यांना सांगितले की शर्यत लावायची नसेल तर हूकचाच सांधा ठेवा, पण चांगल्या घडाईचा आणि निपल असलेला. क्रॉस दोन्ही बाजूंचे बदलले. जुने दोन्ही मिस्त्रींनी ठेवून घेतले. नव्या पोरांना तुटलेले तोंड दाखवायला ते बरे पडतात, असे ते म्हणाले.